नातवाचं शिबिर आणि आयोवातलं जिवंत शेत



या गप्पांमध्ये आजवर आपण किल्ले, लढाया आणि तह यांतच जास्त रमलो. माझा पेशाच तो होता, त्यामुळे हात आपोआप तिकडे वळतो. आज तलवार नाही, नांगर आहे, आणि तोही अमेरिकेतला. निमित्त तुम्हीच दिलंत. बडोदा, हैदराबाद, इंदूर, बेळगाव अशा ठिकठिकाणच्या मंडळींनी लिहिलं की, उन्हाळ्यात आम्ही मुलांकडे परदेशी जातो, तेव्हा मॉल आणि धबधबे सोडून काय बघावं ते सांगा. मी बघितलेली एक जागा सांगतो. तिथून मी जे घेऊन आलो ते मात्र आमच्याच गावचं निघालं, तेही सांगतो.

माझी लेक आयोवा राज्यात डे मॉइन या शहरात राहते. या नावाच्या स्पेलिंगमध्ये 'एस' दोनदा येतो आणि उच्चारात एकदाही येत नाही, हे कळायला मला आठवडा लागला. विमा कंपन्यांचं गाव, त्यामुळे आपली मुलं तिथे बरीच आहेत. गावाबाहेर पडलं की दोन्ही बाजूंना मका. "चार जुलैला मका गुडघ्याएवढा झाला तर पीक चांगलं" अशी तिथली जुनी म्हण आहे. आम्ही गेलो तेव्हा तो माझ्या छातीला लागत होता. संकरित बियाण्याची करामत. हेन्री वॉलेस, जे पुढे अमेरिकेचे उपराष्ट्राध्यक्ष झाले, त्यांनी १९२६ साली इथेच संकरित मक्याच्या बियाण्याची कंपनी काढली होती. (मका आणि क्रांती हा विषय निघाला की मला वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे आठवतात. गदर चळवळीतला हा माणूस मेक्सिकोत जाऊन मक्याचा संशोधक झाला. त्यांच्यावर एक स्वतंत्र भाग करायचा आहे.)

लेकीने नऊ वर्षांच्या नातवाचं नाव एका आठवड्याच्या उन्हाळी शिबिरात घातलं होतं. जागा होती शहराला लागूनच, अर्बनडेलला. तिचं नाव 'लिव्हिंग हिस्टरी फार्म्स', म्हणजे इतिहासाची जिवंत शेतं. लेक ऑफिसला जाताना आम्हा दोघांना तिथे सोडायची. नातू शिबिरात, मी तिकीट काढून आत. असे पाच दिवस मी तिथे काढले.

सुमारे ५०० एकरांची ही जागा आहे. तीत तीन काळांची तीन शेतं पिकवली जातात. पहिलं सन १७०० च्या सुमाराचं, आयोवे या मूळ रहिवाशांचं. दुसरं १८५० चं, नव्याने आलेल्या गोऱ्या वसाहतवाल्यांचं. तिसरं १९०० चं, घोड्यांवर चालणारं. शिवाय १८७० च्या दशकातलं एक छोटं गाव आहे. त्यात लोहार, छापखाना, दुकान, शाळा सगळं आहे. एका शेतावरून दुसऱ्या शेतावर न्यायला ट्रॅक्टरला जोडलेली गाडी असते. शेजारून महामार्ग जातो, त्यामुळे १८५० सालच्या लाकडी घरात बसलं तरी ट्रकचा आवाज येत राहतो. मला ते खटकलं नाही. उलट आपण नाटक बघतोय याचं भान राहतं.

ही कल्पना आली कुठून? स्वीडनमध्ये आर्तुर हाझेलियुस नावाच्या गृहस्थाने १८९१ साली स्टॉकहोमला 'स्कान्सेन' उघडलं. देशभरातली जुनी घरं उचलून आणून एका टेकडीवर मांडली, त्यांत माणसं आणि जनावरंही ठेवली. अमेरिकेत शेतीपुरता हा विचार पुढे नेला मॅरियन क्लॉसन या अर्थतज्ज्ञाने. १९६५ साली शेती-इतिहासाच्या एका नियतकालिकात त्याने लिहिलं की, देशाच्या निरनिराळ्या भागांत निरनिराळ्या काळांची शेतं प्रत्यक्ष चालती ठेवली पाहिजेत. त्याची घाई समजण्यासारखी होती. १९०० साली अमेरिकेत दर दहांतली जवळजवळ चार माणसं शेतावर राहत होती. १९७० पर्यंत शंभरात पाचही उरली नव्हती. त्याच १९७० साली आयोवा स्टेट विद्यापीठाचे शेती-अर्थशास्त्राचे प्राध्यापक विल्यम मरे यांनी हे फार्म उभं केलं. हे मरे गव्हर्नरपदाची निवडणूक दोनदा लढले आणि दोन्हीदा पडले. निवडून आले असते तर हे शेत झालं असतं की नाही कोण जाणे.

आणखी एक गंमत. ४ ऑक्टोबर १९७९ रोजी पोप जॉन पॉल दुसरे याच शेतावर आले. आयोवातल्या एका साध्या शेतकऱ्याने हाताने पत्र लिहून त्यांना बोलावलं होतं. त्या दिवशी या माळावर साडेतीन लाखांच्या आसपास माणसं जमली. इतक्या लोकांच्या पाण्याची, रस्त्याची आणि शौचाची व्यवस्था कशी केली असेल, हाच विचार माझ्या डोक्यात आधी आला. सेना सेवा कोअरमध्ये उभी नोकरी काढल्याचा परिणाम.

आता शिबिराकडे. मुलांना शेतावर कामाला लावून शिकवायची परंपरा आयोवात जुनी आहे. १९०१ साली पेज काउंटीत जेसी फील्ड या तरुण शिक्षिकेने शाळा सुटल्यावर मुलांसाठी मक्याचे आणि मुलींसाठी घरकामाचे क्लब सुरू केले. जगभर पसरलेल्या 'फोर-एच' चळवळीच्या ज्या मुळ्या सांगितल्या जातात त्यांतली ही एक ठळक. डोकं, हृदय, हात आणि आरोग्य हे ते चार 'एच'. आपल्या एनसीसीसारखं काहीतरी, फक्त बंदुकीच्या जागी वासरू.

नातवाच्या शिबिरात मुलांनी कोंबड्यांना दाणे घातले, भाजीच्या वाफ्यातलं तण काढलं, बादलीने पाणी वाहिलं, पत्र्याच्या पन्हाळीदार फळीवर कपडे घासले, पाटीवर खडूने अक्षरं गिरवली. दुसऱ्या दिवशी स्वारी रुसली. कपडे धुण्यात इतिहास कसला, असा सवाल. मी म्हटलं, एनडीएत मलाही हाच प्रश्न पडला होता. तिसऱ्या दिवशी लोणी निघालं आणि रुसवा गेला. आपण दही लावून, रवीने ताक घुसळून लोणी काढतो. तिथे नुसत्या साईला उभ्या लाकडी भांड्यात दांड्याने कुटतात. वीस मिनिटं काहीच होत नाही, हात भरून येतात, मुलं आळीपाळीने दांडा धरतात, आणि मग एकदम दांडा जड लागायला लागतो. तो जड लागलेला क्षण नातू घरी येऊन आईला तीनदा सांगत होता. कुठल्या पुस्तकात तो क्षण सापडणार?

शिकवणारी मंडळी जुन्या कपड्यांत होती, पण बोलणं आजचं. काही ठिकाणी, उदाहरणार्थ मॅसॅच्युसेट्समधल्या प्लिमथला, कर्मचारी आपण सतराव्या शतकातलेच आहोत असं समजून बोलतात. इथे तसं नव्हतं. १९०० सालच्या स्वयंपाकघरात जुलैच्या उकाड्यात, लांब बाह्यांच्या झग्यात, लाकडाच्या चुलीपुढे उभी असलेली एक कॉलेजची मुलगी मला म्हणाली, "काका, या कपड्यांत तासभर उभं राहिलं की माझी पणजी चिडकी का होती ते कळतं." 'काका' हा माझा अनुवाद, ती 'सर' म्हणाली होती.

मी मात्र बहुतेक वेळ १८५० च्या शेतावर होतो, कारण तिथे बैल होते.

मी दुष्काळी माणच्या बाजूचा. शेतकऱ्याचा मुलगा, पुढे सैन्यात काही वर्षं खेचरांच्या कंपनीबरोबर डोंगरात काढलेली. जनावर दिसलं की माझे पाय थांबतात. तिथल्या बैलांना वशिंड नाही. आपलं जू वशिंडाच्या पुढे बसतं, शिवळा घातल्या की झालं. त्यांना ते जमत नाही, म्हणून लाकूड वाकवून केलेली कमान गळ्याखालून घालून वर जुवात अडकवतात आणि ओढ खांद्यावर घेतात. वेसण नाही, कासरा नाही. हाकणारा डावीकडून चालतो, हातात एक काठी. उजवीकडे वळायला 'जी', डावीकडे 'हॉ', थांबायला 'वो'. वासरू असल्यापासून हे शब्द कानांवर घालतात. एक विशीतला पोरगा मुलांना हे दाखवत होता. बैल ऐकेनात. मी न राहवून जिभेने टक्-टक् आवाज केला. बैलांनी कान हलवले. मुलं हसली आणि नातवाने अभिमानाने सगळ्यांकडे बघितलं.

परत येताना गाडीत त्याने विचारलं, "आबा, तुम्हाला हे कोणी शिकवलं? तुमच्या बाबांनी?"

मी "हो" म्हणालो. ते खरं नव्हतं.

हे उत्तर बाजूला ठेवून जरा त्या शेताकडे परत जाऊ, कारण तिथे जे पाहिलं त्यानेच मला ते टोचायला लागलं.

१७०० सालच्या शेतावर झाडाच्या सालीने शाकारलेली घरं आहेत आणि बाजूला मका, घेवडा, भोपळा एकत्र लावलेला. मक्याच्या ताटावर घेवडा चढतो, भोपळ्याची पानं जमीन झाकतात. ही तिन्ही पिकं मूळ अमेरिका खंडांतली. आज आपल्या स्वयंपाकघरात घेवड्याची उसळ आणि लाल भोपळ्याचं भरीत शिजतं, ते याच कुळातलं. आयोवे लोकांत शेती बायका करत. त्यांची कुदळ म्हणजे रानरेड्याच्या खांद्याचं हाड दांड्याला बांधलेलं. ते हाड मी हातात धरलं, छान तोल आहे त्याला. पण त्या शेताच्या पुढचं शेत १८५० चं आहे. गाडीने तिथे जायला काही मिनिटं लागतात. या मिनिटांत काय झालं? आयोवे लोकांकडून तहांवर तह करून जमीन घेतली गेली. १८३६ च्या तहानंतर त्यांना मिसुरी नदीपलीकडे, आजच्या कॅन्सस-नेब्रास्काच्या सीमेवर जावं लागलं. दहा वर्षांनी, १८४६ साली, राज्य झालं आणि त्याला नाव मिळालं आयोवा. माणसं गेली, नाव ठेवून घेतलं. आणखी सांगायचं तर या फार्मच्या जमिनीवर मधल्या काळात राज्य सरकारचं कैद्यांचं शेत होतं. त्या कैद्यांचं वर्ष कुठलं धरायचं?

जिवंत इतिहासाची अडचण इथेच आहे. लोणी काढणं, बैल हाकणं, लोहाराचा भाता, हे सगळं गोड दिसतं. जे गोड नाही ते कोण करून दाखवणार? व्हर्जिनियात विल्यम्सबर्ग नावाचं वसाहतकाळातलं गाव आहे. रॉकफेलर यांच्या पैशाने १९२६ पासून ते पुन्हा उभं केलं गेलं. अठराव्या शतकात त्या गावातली निम्मी माणसं गुलाम होती. पण पाहुण्यांना कित्येक दशकं दिसत राहिले ते विग घातलेले सभ्य गृहस्थ आणि फुलांचे ताटवे. १९७९ पासून तिथे कृष्णवर्णीयांचा इतिहास सांगायला सुरुवात झाली. ऑक्टोबर १९९४ मध्ये त्यांनी गुलामांच्या लिलावाचा प्रवेश रस्त्यावर करून दाखवला. तो करणाऱ्या विभागाची प्रमुख स्वतः कृष्णवर्णीय होती आणि तिने स्वतः विकल्या जाणाऱ्या बाईचं काम केलं. आमच्या पूर्वजांच्या दुःखाचा तमाशा करता, म्हणून कृष्णवर्णीयांच्याच संघटनांनी निदर्शनं केली. निदर्शकांतल्या एकाने प्रवेश पाहिल्यावर आपलं मत बदललं. बाकीच्यांचं बदललं नाही. मला दोन्ही बाजू पटतात. लष्करी माणसाने असं म्हणू नये, निर्णय द्यावा. पण इथे मला देता येत नाही.

आयोवातच या गोष्टीची दुसरी बाजूही आहे आणि ती मराठी वाचकाला सांगावी लागत नाही. वीणा गवाणकरांचं 'एक होता कार्व्हर' वाचलेलं नाही असं घर आपल्यात विरळा. गुलामीत जन्मलेला जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर आधी डे मॉइनच्या दक्षिणेला इंडियानोलाच्या सिम्सन कॉलेजात आला, मग उत्तरेला एम्सला. १८९४ मध्ये पदवी, १८९६ मध्ये पदव्युत्तर पदवी. मरे ज्या विद्यापीठात प्राध्यापक होते तेच हे विद्यापीठ. लेकीने एका रविवारी आम्हाला एम्सला नेलं, तेव्हा मी नातवाला कार्व्हरची गोष्ट मराठीत सांगितली. तो म्हणाला, "हे तुम्हाला भारतात कसं माहीत?"

आपल्याकडे अशी जागा आहे का? कोल्हापूरजवळ कणेरी मठाच्या परिसरात जुन्या गावगाड्याचं मोठं संग्रहालय आहे. सिमेंटच्या पुतळ्यांतून बलुतेदार, मळणी, मोट, बाजार सगळं दाखवलं आहे. सुट्टीत मुलांना जरूर न्या. पण पुतळ्याला एक सोय असते. तो दमत नाही, आणि आपण कुठे जेवतो हेही सांगत नाही. उद्या कोणी माणच्या माळावर १९७० सालचं जिवंत शेत उभं करायचं ठरवलं, मुलांचं आठवड्याचं शिबिर ठेवलं, तर माझ्या वडिलांचं काम करायला पन्नास जण पुढे येतील. फेटा बांधायचा, बेंदराला बैल सजवायचे. आमच्या सालगड्याचं काम कोण करेल?

नातवाच्या प्रश्नाचं खरं उत्तर तो होता. जिभेने टक् करून बैल हलवायला मला त्याने शिकवलं. तिफणीचं चाडं धरताना मूठ किती सैल ठेवायची, मळणीच्या वेळी तिवड्याभोवती पात कशी फिरवायची, हेही त्यानेच. पाडव्याला तो सालाने बांधला जायचा, पुढच्या पाडव्यापर्यंत. पगार काही धान्यात, काही पैशांत. झोपायला गोठा. वयाने माझ्या वडिलांपेक्षा मोठा, आणि आम्ही पोरं त्याला अरे-तुरे करायचो. त्याचा जर्मनचा पेला गोठ्याच्या वळचणीला खोचलेला असायचा. आई चहा वरून ओतायची, पेल्याला किटली लागू द्यायची नाही. आई वाईट नव्हती. पण ओतायची वरूनच.

१९७२ च्या दुष्काळात मी दहा वर्षांचा होतो. वैरण संपली. वडिलांनी बैलजोडी दिली, किती रुपयांना ते त्यांनी कधीच सांगितलं नाही. बैलच नाहीत तर सालगडी कशाला? तो खडी फोडायच्या कामावर गेला. दोन महिन्यांनी वडीलही गेले, मग डोक्यावर पदर ओढून आई. हजेरीच्या रांगेत तो पुढे आणि वडील त्याच्या मागे, असं मी स्वतः पाहिलंय. दोघांची मजुरी सारखीच. मुलांना सुकडी मिळायची आणि रेशनवर अमेरिकेतून आलेली तांबडी मिलो. तिची भाकरी थापता थापता तुटायची. पुढच्या जूनमध्ये मी साताऱ्याच्या सैनिक शाळेत गेलो आणि शेतीशी माझा संबंध सुट्टीपुरता उरला. आमच्या घरात पुन्हा बैल आले, तो आला नाही.

शिबिराच्या शेवटच्या दिवशी पालकांना बोलावलं होतं. मुलांनी स्वतः काढलेलं लोणी पावाला लावून आम्हाला दिलं. मीठ जरा जास्त झालं होतं. परत येताना मी नातवाला सांगितलं की बैल हाकायला मला बाबांनी नाही, आमच्याकडे कामाला असलेल्या एका माणसाने शिकवलं. त्याने लगेच विचारलं, "त्यांचं नाव काय?"

मला अर्धंच नाव आठवत होतं. हाक मारायचं, तेही मोडकं. वडिलांचं नाव, आडनाव काहीच नाही. ज्या खेचरांबरोबर मी डोंगर चढलो त्यांतल्या काहींच्या खुरावरचे नंबर मला आजही पाठ आहेत.

महूला परत आल्यावर गावी धाकट्या भावाला फोन केला. त्यालाही तेवढंच माहीत होतं. म्हणाला, "दादा, थांब, त्यांच्या वस्तीत विचारतो." चार दिवसांनी एका तरुणाचा मला फोन आला. सालगड्याचा नातू, पुण्यात नोकरीला. आवाजात थोडा संशय होता, आणि तो असायलाच हवा. इतक्या वर्षांनी नाव कशाला हवंय, असं त्याने सरळ विचारलं. मी अमेरिकेतल्या शेतापासून सगळं सांगितलं. टक्-टक् आवाजाचं सांगितलं तेव्हा तो हसला. म्हणाला, "आमचे आजोबा आम्हालाही तसंच उठवायचे." मग त्याने पूर्ण नाव सांगितलं आणि मी ते वहीत लिहून घेतलं. या कार्यक्रमात सांगू का, विचारलं. तो म्हणाला, घरात विचारून कळवतो. अजून कळवलेलं नाही, म्हणून मी ते इथे सांगत नाही.

फोन ठेवताना त्याने विचारलं, "साहेब, आजोबांचा एखादा फोटो आहे का तुमच्याकडं? आमच्याकडं एकही नाही." एक आहे. साल १९७१, बेंदूर. मधोमध वडील, शिंगं रंगवलेले बैल, आणि कडेला कासरा धरून तो उभा. फोटो पिवळा पडलाय. महूच्या एका स्टुडिओत साफ करून घेतला आणि त्याला पाठवला. एक प्रत आयोवाला, नातवालाही पाठवली.

पुढच्या भागात पांडुरंग खानखोजे. त्यांच्याबद्दल तुमच्याकडे घरगुती आठवणी किंवा पत्रं असतील तर जरूर कळवा.